उबेचे तास

विमान ढगांच्या वर पोचलं तेव्हा शलाका डुबलनं सवयीनं इंजिनांच्या आवाजाकडे कान लावला. दोन्ही इंजिनं एका सुरात चालली होती. तेवढी खात्री झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज हे काम आपलं नाही. आज आपण अकराव्या रांगेत खिडकीपाशी बसलेले साधे प्रवासी आहोत आणि घरी चाललो आहोत.

शेजारी कॅप्टन सुबोध केळुसकर डोळे मिटून बसले होते. ती त्यांच्याकडे चोरून पाहत राहिली. केस पूर्ण पांढरे, कानाच्या पाळ्या उन्हानं करपलेल्या, बोटांना बारीक बारीक भेगा. सव्वीस दिवसांपूर्वी ती यांच्याच शेजारी बसून विमान उडवत होती. तेव्हा ते एकावन्न वर्षांचे, काळ्या केसांचे, वेंगुर्ल्यातल्या आपल्या आंब्याच्या कलमांबद्दल तासन्‌तास बोलणारे गृहस्थ होते. आता इथे त्यांचे वडील येऊन बसल्यासारखं वाटत होतं.

सव्वीस दिवस हा तिचा हिशेब. बाकी सगळ्या जगाच्या हिशेबानं मधे सात वर्षं गेली होती.

"सर, झोपलात?"

"नाही गं. तू झोप की थोडा वेळ."

"भीती वाटते."

"झोपेची?"

"झोपून उठल्यावर आणखी काहीतरी गेलेलं असेल, याची."

तिनं जरा वेळानं विचारलं, "बाबांचा फोन का लागत नाही, सर? ऋजूला विचारलं तर म्हणते, घरी ये, मग बोलू."

केळुसकरांनी खिडकीकडे मान वळवली. बाहेर ढग पसरले होते, पांढरे आणि सपाट. त्यांनी हात लांब करून खिडकीची झडप अलगद खाली ओढली.

"तुझी बहीण येणार आहे ना विमानतळावर? तिच्याशीच बोल," ते म्हणाले.

तालोरा हा हिंदी महासागरातला लहानसा बेटांचा देश. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर माणसं नेणाऱ्या तिथल्या विमानांवर बरेच वैमानिक भारतातले होते. शलाका आणि केळुसकर चौदा महिने एकत्र उडत होते. त्या सकाळी चव्वेचाळीस प्रवासी घेऊन त्यांचं विमान सालेन बंदरावरून उडालं, जेमतेम तीनशे मीटर चढलं आणि समुद्रपक्ष्यांच्या थव्यात शिरलं. दोन्ही इंजिनं बंद पडली. केळुसकर ती पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत होते. विमान शलाकाच्या हातात होतं. समोर खवळलेला समुद्र, डावीकडे मैलभर पसरलेली मिठागरं. केळुसकर म्हणाले, "समुद्रात उतरव." शलाकानं लाटांची उंची पाहिली आणि विमान डावीकडे वळवलं.

विमानातले सगळे वाचले. पण मिठागरावर मीठ ओढायला आलेली माणसं पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली न्याहारीला बसली होती. पांढऱ्यावर पांढरं. ती तिला शेवटच्या दोन सेकंदांत दिसली. नऊ माणसं गेली.

माणसं मेली तर तो निर्णय कोणाचा होता हे ठरलंच पाहिजे, असा तालोराचा कायदा होता. चुकीचा ठरला तर चौदा वर्षांची कैद. वीज गेल्यामुळे कॉकपिटमधलं शेवटच्या पाऊण मिनिटाचं बोलणं नोंदलंच गेलं नव्हतं. पोलिसांनी विचारताच केळुसकरांनी सांगून टाकलं, "वळवायला मी सांगितलं." शलाका म्हणाली, "नाही. त्यांनी समुद्र सांगितला होता. मी वळवलं." दोघं एकमेकांना वाचवू बघताहेत असं पोलिसांना वाटलं आणि त्यांनी तालोराचा नवा उपाय पुढे केला. संथनिद्रा.

तिची सुरुवात उंदरांपासून झाली होती. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. भूक, तहान, शरीराची ऊब यांचा कारभार तो पाहतो. त्यातल्या मूठभर पेशी चेतवल्या, की थंडीभर झोपून राहण्याची सवय नसलेला उंदीरसुद्धा गार पडतो, मंदावतो आणि दिवसचे दिवस तसाच राहतो, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधी कळलं होतं. पुढे माणसातल्या त्याच पेशी बाहेरून, कवटीला धक्का न लावता, ध्वनिलहरींनी चेतवण्याची युक्ती सापडली. शरीर अठ्ठावीस अंशांवर येतं, हृदय मिनिटाला सात-आठदा ठोके देतं, आणि सात वर्षांत माणूस जेमतेम सात महिन्यांनी मोठा होतो. युक्ती शोधली होती लांबच्या अंतराळप्रवासासाठी. तालोराच्या न्यायखात्यानं ती साक्षीदारांसाठी वापरायला घेतली.

कारण साधं होतं. एखादी गोष्ट आपण जितक्या वेळा आठवतो, तितक्या वेळा तिला नकळत आपला हात लागतो. साक्षीदार जागा राहिला, बातम्या ऐकत राहिला, रोज रात्री तेच उगाळत राहिला, तर खटला उभा राहीपर्यंत त्याच्या आठवणीत मूळचं किती आणि भर घातलेलं किती, हे त्यालाही सांगता येत नाही. संथनिद्रेत मेंदूतल्या पेशींचे धागे आखडतात आणि उठताना जिथल्या तिथे पुन्हा जुळतात. आठवण कालची असावी तशी ताजी राहते. फक्त एकदा उठवून घरच्यांना भेटवलं, की साक्षीवरचा 'ताजी' हा शिक्का जातो.

"आठ महिन्यांत खटला उभा राहील," असं अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. अपघाताला सहा दिवस झाले होते आणि सहाही दिवस शलाकाला डोळे मिटले की पांढरा मांडव दिसत होता. झोपायला मिळेल एवढंच तिनं ऐकलं आणि सही केली. पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाला संथनिद्रा देत नसत. केळुसकरांना सालेन सोडून जायचं नाही, एवढ्या अटीवर मोकळं ठेवलं. मग विमान बनवणारे, चालवणारे, विमा उतरवणारे आणि दोन सरकारं, खटला कुठल्या कोर्टात चालायचा यावरच भांडत बसली आणि आठ महिन्यांची सात वर्षं झाली.

या झोपेची एक गंमत होती. थंडीभर गार पडून राहणारे प्राणी त्या अवस्थेत खऱ्या अर्थानं झोपत नाहीत. मेंदू इतका थंडावलेला असतो, की स्वप्नसुद्धा पडत नाही. म्हणून अधूनमधून त्यांना पुन्हा उबदार व्हावं लागतं, कशासाठी, तर नीट झोपण्यासाठी. माणसाचंही तसंच निघालं. दर बावीस दिवसांनी चौदा तास शलाकाचं शरीर ऊब धरायचं, पापण्यांखाली बुबुळं हलायची, ती कूस बदलायची, कधी पुटपुटायची. तिथल्या परिचारिका त्याला 'उबेचे तास' म्हणत. त्या वेळात जवळच्या माणसाला तिच्याशी बोलायची परवानगी होती. खटल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, एवढी अट. सात वर्षांत असे उबेचे तास एकशे सोळा वेळा आले. केळुसकर दर वेळी जाऊन बसत आणि कोकणातल्या गोष्टी सांगत. कराडहून ऋजुता फोनवर बोलायची.

यातलं काहीच शलाकाला आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "स्वप्नं नंतर वर येतील. एकेक करून. घाबरू नका."

उठल्यावर बाराव्या दिवशी तिनं कोर्टात साक्ष दिली. कोणाचा आवाज कधी आला, लाटा किती होत्या, हात कुठल्या क्षणी वळला, सगळं. तज्ज्ञांनी तिच्या शब्दांवरून समुद्राचं आणि विमानाचं गणित मांडलं. त्या लाटांत उतरलं असतं तर चव्वेचाळिसांपैकी पाच-सहा वाचले असते. निर्णय रास्त होता, असं कोर्टानं म्हटलं. दोघं सुटले.

कोर्टाच्या ओसरीत एक बाई त्यांची वाट बघत उभी होती. चाळिशीची, उंच, खांद्यावर निळी शाल. केळुसकर म्हणाले, "ही ईमारा. हिचा नवरा दोआन त्या मांडवात होता. हिच्याच टोळीत मी सहा वर्षं मीठ ओढलंय. पहिलं वर्षभर तिनं मला उभं केलं नाही."

ईमारा शांतपणे बोलत होती आणि केळुसकर एकेक वाक्य मराठीत सांगत होते. "ती म्हणते, माझ्या मनात आता राग नाही. माझं दुसरं लग्न झालं. दोआनचा चेहरा आठवायला हल्ली मला फोटो काढून बघावा लागतो."

शलाकाला ती शांतता सोसेना. तिच्या लेखी दोआनला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. ती तिथेच पायरीवर बसली आणि हुंदके देऊ लागली. ईमारानं खाली वाकून काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, तो तुला दिसला होता का?" केळुसकर म्हणाले.

"एक माणूस उभा राहिला होता," शलाका म्हणाली. "हिरवी टोपी होती. एका हातात कप. दुसरा हात त्यानं डोळ्यांवर धरला होता, ऊन लागू नये म्हणून. तो घाबरलेला नव्हता. बघत होता नुसता. म्हणजे... आपण विमान बघतो ना, तसा."

केळुसकरांनी ते सांगितलं. हिरवी टोपी हे शब्द ऐकताच ईमारा मटकन पायरीवर बसली. तिनं शलाकाचा हात धरला आणि पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला ती रडू लागली, मोठमोठ्यानं, काल बातमी कळल्यासारखी. दोआनला महिनाभराच्या आत पाहिलेलं माणूस जगात एकच होतं, आणि ते तिच्याशेजारी पायरीवर बसलं होतं.

मुंबईच्या विमानतळावर केळुसकरांना न्यायला त्यांची बायको आली होती. ती दोघं शलाकाला भेटून वेंगुर्ल्याच्या गाडीकडे गेली, आणि गर्दीतून ऋजुता पुढे आली. शलाकाला तिला ओळखायला क्षणभर वेळ लागला. दोन वर्षांनी धाकटी बहीण, जिला तिनं सायकल शिकवली होती, तिच्या कपाळाशी पांढरी बट होती, डोळ्यांवर चष्मा होता, आणि चालणं हुबेहूब आईसारखं झालं होतं. आई त्यांच्या लहानपणीच गेली होती.

"ताई," ऋजुता म्हणाली आणि तिला घट्ट धरलं. "तू तश्शीच आहेस गं."

साताऱ्याच्या अलीकडे त्या चहाला थांबल्या. हॉटेलवाल्यानं ऋजुतासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "ताई, धाकट्या बहिणीला काय देऊ?"

दोघींना हसू आलं. ते ओसरल्यावर ऋजुतानं कप बाजूला सारला.

"ताई, बाबा गेले. तीन वर्षं झाली."

बाबांशी शलाका महिन्यापूर्वी बोलली होती, अपघाताच्या आदल्या संध्याकाळी. कराडच्या एसटी डेपोत तेहतीस वर्षं मेकॅनिकचं काम केलेला तो माणूस फोनवर म्हणाला होता, "तुझ्या त्या विमानाच्या इंजिनाचा आवाज एकदा ऐकव मला. कानानं सांगतो त्याचं काय दुखतंय ते." ती म्हणाली होती, उद्या ऐकवते.

"कशानं?"

"फुफ्फुसं. पाच महिने आजारी होते."

त्या पुन्हा गाडीत बसल्या. दुपारच्या उन्हात उसाची शेतं मागे जात होती आणि शलाकाला वाटत होतं, की आपण अजून कुठेतरी गार पडून आहोत, हे उबेचे तास चालू आहेत, आणि एवढ्यात कुणीतरी येऊन पांघरूण सारखं करील.

सोमवार पेठेतलं घर तेच होतं. भिंतींना नवा रंग होता. ऋजुता कृषी महाविद्यालयात शिकवत होती. तिचं लग्न ठरलं होतं, ते खटल्याच्या धावपळीत दोनदा पुढे ढकललं गेलं आणि मग राहूनच गेलं. हे तिनं पोळ्या लाटताना, जाता जाता सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. शलाकानं मान वर न करता विचारलं, "ऋजू, मी सही केली तेव्हा मला एक कलम वाचून दाखवलं होतं. घरातलं कुणी अखेरच्या आजारात असेल, तर साक्षीदाराला उठवता येतं. नातेवाइकांनी मागितलं पाहिजे. तुला कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं होतं," ऋजुता म्हणाली.

मेथीची जुडी शलाकाच्या हातात तशीच राहिली.

"तुला उठवलं असतं, तर तुझी साक्ष बाद झाली असती," ऋजुता एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली. "मग उरला असता केळुसकर सरांचा जबाब. मी वळवायला सांगितलं, हा. तो त्यांनी सात वर्षांत एकदाही मागे घेतला नाही. लाटा किती होत्या, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? चौदा वर्षं आत गेले असते ते."

"बाबा काय म्हणाले?"

ऋजुतानं निवडलेली मेथी बाजूला सारली.

"बाबा म्हणाले, उठव तिला. रोज म्हणायचे. शेवटी शेवटी भांडायचे माझ्याशी. तू दोन दिवसांच्या वाटेवर आहेस फक्त, आणि मी तुला आणत नाही, म्हणून." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "सरांनाही फोन केला मी. ते म्हणाले, एक क्षण थांबू नकोस, उठव, माझं मी बघेन. आणि तुलाही विचारलं, ताई. उबेच्या तासांत. त्यांनी फोन तुझ्या कानाशी धरला होता. मी म्हटलं, बाबा फार आजारी आहेत, तुला नको ना उठवू? तू 'हूं' म्हणालीस."

शलाका उठली आणि बाहेर गेली.

त्यानंतर पाच-सहा दिवस ती बहिणीशी कामापुरतंही बोलली नाही. सकाळी उठून ती प्रीतिसंगमावर जायची. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात, एकमेकींना भिडतात आणि मग एकदम वळून एकत्र निघतात, ते बघत पायऱ्यांवर बसायची. ऊन चढलं की तिथेच झाडाखाली तिचा डोळा लागायचा, आणि डॉक्टर म्हणाले होते तशी स्वप्नं वर यायची. एकात केळुसकर सर फणसाच्या झाडावर बसून पाढे म्हणत होते. एकात मिठाचा पाऊस पडत होता आणि लोक छत्र्या उलट्या धरून मीठ गोळा करत होते. स्वप्नांना तारखा नव्हत्या. सात वर्षांतली कुठली पहिली नि कुठली शेवटची, कळत नव्हतं. जागी झाली तरी अर्धा तास घाट, माणसं, पाण्यावरची होडी, सगळं काचेपलीकडचं वाटायचं.

एके दुपारी स्वप्नात ती डेपोत होती. बाबा बसखाली झोपून काम करत होते, नुसते पाय बाहेर. कुठूनतरी ऋजूचा आवाज येत होता, लांबून, फोनमधून यावा तसा. बाबांनी खालून हात पुढे केला, पाना मागितला. कुठला पाना, हे विचारायच्या ऐवजी ती 'हूं' म्हणाली. त्यांनी पुन्हा हात हलवला. ती पुन्हा 'हूं' म्हणाली.

ती दचकून जागी झाली. ती उठून चालत घरी आली. ऋजुता विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत बसली होती.

"मी दोनदा म्हणाले," शलाका दारातूनच म्हणाली. "ऋजू, मी दोनदा हूं म्हणाले होते. हो ना?"

ऋजुताच्या हातातलं पेन थांबलं.

"तुला कसं..." ती म्हणाली आणि मग तिनं वह्या मिटल्या. "हो. आधी मी विचारलं, उठवू का? तू म्हणालीस, हूं. मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल. मग विचारलं, नको ना उठवू? त्यालाही हूं." तिनं पेन खाली ठेवलं. "मी सगळ्यांना दुसरंच सांगितलं, ताई. बाबांनाही. पहिलं हूं आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. झोपेतल्या माणसाचं खरं धरू नये, हे मला कळत होतं. पण मला कुणाचंतरी हूं हवं होतं."

शलाका आत आली. ती रागानं काहीतरी बोलेल म्हणून ऋजुता मान खाली घालून बसली होती. शलाका तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"मग?" ती म्हणाली. "फोन ठेवल्यावर तू काय केलंस?"

"म्हणजे?"

"त्यानंतरचं सगळं सांग. बाबांनी त्या दिवशी काय खाल्लं, काय बोलले. दुसऱ्या दिवशी काय. शेवटपर्यंत सांग. मला काही ठाऊक नाही, ऋजू. मी अजून तिथे पोचलेलेच नाही."

ऋजुता सांगू लागली. दुपार कलली, दिवा लावायची वेळ झाली, तरी ती सांगतच होती. बाबांना शेवटी ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज आवडायचा नाही, त्याचं बेअरिंग गेलंय म्हणायचे. खरंच गेलेलं निघालं. हे सांगताना ऋजुता हसली, शलाकाही हसली, आणि मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. तीन वर्षं ऋजुता रडलेली नव्हती. वेळच मिळाला नव्हता, असं ती म्हणाली.

"तुला कळून आज दहावा दिवस," डोळे पुसत ती पुढे म्हणाली. "आपण तेरावं करू, ताई. तुझ्यासाठी."

बाबांचे चार जुने सोबती जेवायला आले. त्यांच्या लेखी वसंता डुबल जाऊन तीन वर्षं झाली होती, म्हणून ते मोकळेपणानं हसत, गमती सांगत पाटांवर बसले. शलाका वाढायला आली. तिचे सुजलेले डोळे पाहून वायदंडे काकांचा घास हातातच राहिला. "पोरी, तुझ्यासाठी हे आत्ताच घडलंय, नाही का," ते म्हणाले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. मग एकेक करून सगळेच गप्प झाले. जेवणं होईपर्यंत त्या घरात कालच माणूस गेल्यासारखं वातावरण होतं, आणि कुणाला ते अवघड वाटत नव्हतं.

केळुसकरही वेंगुर्ल्याहून पहाटेची गाडी धरून आले होते. ऋजुताला ते प्रथमच समोरासमोर भेटत होते. इतकी वर्षं दोघांची ओळख फोनवरची. जेवणानंतर बाकीचे अंगणात बसले असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. शलाका भांडी आवरत होती. ऋजुता विळी धूत होती.

"ऋजुता, मी तुला सांगितलं होतं, उठव तिला म्हणून," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांची इच्छा... माझ्यामुळे..."

"माहीत आहे, सर," ऋजुता म्हणाली. "तुम्ही उठव म्हणालात ना, म्हणूनच नाही उठवलं. नको म्हणाला असतात, तर त्याच दिवशी उठवलं असतं."

केळुसकर दाराची चौकट धरून उभे राहिले. मग त्यांनी हात जोडले. ऋजुतानं ओले हात पुसले, पाट मांडला आणि त्यांना ताक दिलं. ते प्यायले.

चार वाजता पाहुणे गेले. कामानं दमलेली ऋजुता पुढच्या खोलीत आरामखुर्चीत टेकली आणि तिथेच तिला गाढ झोप लागली. चष्मा नाकावर घसरला होता, तोंड किंचित उघडं होतं. केळुसकरांच्या गाडीची वेळ झाली. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, तिच्याकडे पाहिलं आणि आवाज न करता चपला घातल्या.

"राहू दे," ते शलाकाच्या कानाशी म्हणाले. "कित्येक दिवसांची झोप असेल तिची. उठवू नकोस. मी फोन करीन तिला."

शलाकानं नकारार्थी मान हलवली. ती खुर्चीपाशी गेली, वाकली आणि बहिणीच्या गालावर हात ठेवला.

"ऋजू," ती म्हणाली. "ऊठ. सर निघालेत."

ऋजुतानं डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे तिला क्षणभर कळेना. मग ती उठली आणि चष्मा सारखा करत, अनवाणीच, त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली.